जावईबापूंचा फिशटँक लेव्हलला बसवणे

चांगदेव चासकर आयुष्यात एकदाच खोटं बोलले, असं त्यांचं स्वतःचं म्हणणं आहे. आणि तेही फोनवर, तेव्हा ते निम्मंच धरावं असा त्यांचा आग्रह असतो. फोन जावईबापूंचा होता. जावईबापू, म्हणजे हर्षालीचे मिस्टर गोरखराव, हे मुळात बोलतच नाहीत. लग्नाला दोन वर्षं होत आली, पण चासकरांच्या घरात त्यांच्या तोंडून 'हो', 'नको' आणि 'निघतो' यापलीकडे चौथा शब्द कोणी ऐकला नव्हता. असा माणूस आपणहून फोन करतो काय आणि "मामा, मासे कसे हायेत?" असं पूर्ण वाक्य विचारतो काय! त्या धक्क्याने चांगदेवरावांची जीभ घसरली आणि ते म्हणाले, "मासे एकदम मजेत!"

वस्तुस्थिती अशी होती, की घरात मासे नव्हते. माशांची पेटी होती. गेल्या दिवाळीत जावईबापूंनी ती चाकणहून गाडीच्या मागच्या सीटवर चादरीत गुंडाळून आणली होती. जाड काचेची, तीन फुटी, दोघांनी मिळून उचलावी लागेल अशी. "ह्यांच्या फार आवडीची आहे पप्पा, जपा," एवढंच हर्षाली म्हणाली होती. चासकरांनी ती जपली, म्हणजे माळ्यावर ठेवली. आणि शीलाताईंनी तिच्यात कुरडया भरल्या, कारण काचेवर मुंग्या चढत नाहीत असं त्यांचं मत होतं. जावई मूळचे आण्याचे. पठारावरचं गाव, उन्हाळाभर टँकरची वाट बघण्यात बालपण गेलेलं. "तवा पाणी काचेत घालून नुसतं बघत बसावं आसं वाटत आसंल बिचाऱ्याला," असं शीलाताई हळहळून म्हणायच्या आणि तळणाच्या कुरडया काढायला स्टुलावर चढायच्या.

एवढ्यावर भागलं असतं. पण त्याच आठवड्यात हर्षालीचा फोन आला.

"पप्पा, रविवारी आम्ही धोंड्याला येतोय. ह्यांना मासे बघायचेत. परवा जेवताना आपणहून म्हणाले, मामांकडं मासे मजेत हायेत. एवढं लांबलचक बोलले, मी बघतच राहिले."

धोंड्याचा महिना म्हणजे अधिक महिना. तो तिसऱ्या वर्षी कधीतरी येतो आणि सासऱ्याची परीक्षा घेऊन जातो. जावयाला बोलवायचं, पुरण भरलेले धोंडे गुळवणीत बुडवून खाऊ घालायचे, अनारसे आणि चांदीचा दिवा वाण म्हणून हातात द्यायचा, आणि तो समाधानाने गेला की नाही याचा पुढची तीन वर्षं विचार करत बसायचं. हर्षालीच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक महिना. यात काही कमी पडलं तर त्याचा उल्लेख नातवंडांच्या लग्नापर्यंत होत राहतो.

पण चांगदेवरावांना खरी काळजी वाणाची नव्हती. ते एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. सगळी नोकरी खिडकीत बसून माइकवर बोलण्यात गेली. समोरचा ऐकतोय की नाही याची पर्वा न करता बोलत राहणं हा त्यांचा पेशा होता. तरीही आपल्या एकुलत्या एका लेकीचा नवरा आपल्याशी बोलत नाही, हे त्यांच्या मनाला फार लागून राहिलं होतं. आपलं काही चुकलं का? लग्नात मानपान कमी पडला का? आता कुठे माशांच्या निमित्ताने त्या माणसाचं तोंड उघडलं होतं. रविवारी तो आला आणि त्याने आपल्या आवडीच्या पेटीत कुरडया पाहिल्या, तर ते तोंड जे मिटेल ते कायमचं. त्या विचाराने चांगदेवरावांना जेवण गोड लागेना.

"पेटी खाली काढा," त्यांनी माइकवरच्या आवाजात घोषणा केली. "पेटीसाठी स्टँड बनवण्यात येईल."

"विकत मिळतो की," शीलाताई म्हणाल्या.

"विकतचा पत्र्याचा असतो. शंभर-सव्वाशे किलो वजन येणार त्याच्यावर. स्टँड घरी बनवला जाईल. मजबूत आणि लेव्हलला."

हे 'लेव्हलला' चांगदेवरावांनी त्यांच्या मोबाइलवर पाहिलेल्या एका व्हिडिओतून उचललं होतं. त्यात एक तरुण सांगत होता, की स्टँड एका बाजूला कलता असेल तर काचेवर ताण येतो आणि टँक एक दिवस अचानक फुटतो. तो 'अचानक' म्हणताना डोळे असे काही मोठे करायचा, की चांगदेवरावांना आपली बैठक पाण्याने भरलेली आणि जावईबापू पाटावर तरंगत असलेले दिसू लागले.

लोखंड शेजारच्या संपतकडे होतं. संपतने यंदा द्राक्षबाग काढून टाकली होती आणि मांडवाचे अँगल परसात ढीग घालून ठेवले होते. मागायची खोटी, संपत अँगलही घेऊन आला आणि सल्लाही. संपतचं तसं आहे, त्याच्याकडून नुसती वस्तू कधी मिळत नाही.

"तात्या, ह्या अँगलनी पंधरा वरसं बाग पेललीय. तुमचे मासे काय चीज हायेत! आन् वेल्डिंग कशाला? भोकं हायेतच. नट-बोल्ट मारा की झालं."

चांगदेवरावांनी नट-बोल्ट मारले. स्टँड उभा राहिला आणि हात लावताच नमस्कार केल्यासारखा पुढे वाकला. बोल्ट आवळले तर मागे वाकला. संपत म्हणाला, आडवी पट्टी मारा. पट्टी मारली तर तो वाकायचा थांबला आणि नुसता लटलटू लागला. शेवटी दोघांनी तो संपतच्या पिकअपमध्ये घालून नाक्यावर तालिबच्या वर्कशॉपमध्ये नेला.

तालिब गेटं, खिडक्या आणि ट्रॉल्या बनवतो. मोठा हुशार कारागीर, आणि हे सांगणाऱ्यांत तो स्वतः पहिला. त्याने स्टँडभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "तात्या, हे कुणी बनवलं?"

"मी."

"मग ठीक हाय," तालिब म्हणाला. या 'मग ठीक हाय'चा अर्थ काय घ्यायचा, यावर चांगदेवराव परतीच्या वाटेवर बराच वेळ विचार करत होते.

तालिबने सगळे सांधे वेल्ड केले, वर प्लायवूड बसवलं आणि लेव्हलची पट्टी ठेवली. पट्टीतला बुडबुडा बरोब्बर मधोमध येऊन थांबला. तालिबने पट्टी आडवी ठेवली, उभी ठेवली, तिरकी ठेवली, बुडबुडा मधोमध. "बघून घ्या. नंतर तक्रार चालणार नाय," तो म्हणाला. चांगदेवरावांनी बघून घेतलं, संपतने बघून घेतलं, ट्रॉलीच्या कामाला आलेल्या एका अनोळखी माणसानेही बघून घेतलं आणि पसंतीची मान हलवली.

बैठकीत दक्षिणेच्या भिंतीला स्टँड लावला, त्यावर थर्माकोल, थर्माकोलवर पेटी. शीलाताईंनी कुरडया पितळी डब्यात हलवल्या आणि तोंडाने काही न बोलता तो डबा जरा जोरात ठेवला. मग नळाची पाइप लावून पाणी भरायला सुरुवात झाली. नळाला रोज जेमतेम तासभर पाणी, त्यामुळे त्या दिवशी घरातल्या बाकी सगळ्यांनी बिनपाण्याचं राहायचं ठरलं. अर्धी पेटी भरली तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. पाऊण भरली तेव्हा चांगदेवरावांनी चष्मा पुसला. भरत आली तेव्हा दाराकडच्या बाजूला पाणी काठाला टेकलं होतं आणि आतल्या बाजूला ते चांगलं दोन बोटं खाली होतं.

"पाणी वाकडं झालंय," संपत म्हणाला.

"पाणी कसं वाकडं होईल? पाणी सरळच असतं. स्टँड वाकडा आहे."

"स्टँड वाकडा कसा आसंल? तालिबकडं तुमीच बघितला ना? मी बी बघितला. त्या पावण्यानं बी बघितला."

हा मुद्दा बिनतोड होता. चांगदेवराव खाली बसले. पाणी सरळ, स्टँडही सरळ, मग वाकडं काय? संपतने मोबाइल काढला, त्यात लेव्हल दाखवायचं काहीतरी होतं, तो प्लायवर ठेवला. मोबाइल म्हणाला, कल आतल्या बाजूला आहे. फिरवून ठेवला, तर म्हणाला, दाराच्या बाजूला आहे. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की संपतच्या मोबाइलला मागे बोटात अडकवायची कडी लावलेली होती आणि मोबाइल बिचारा प्रत्येक वेळी त्या कडीचा कल सांगत होता. कडी चिकटवलेली, निघता निघेना. तिच्यामागे तासभर गेला.

पेटी फुटायच्या भीतीने पाणी काढून टाकायचं ठरलं. बादल्यांनी उपसणं कमरेला झेपेना, म्हणून पाइप लावून पाणी तिथेच जमिनीवर सोडलं. ते कुठेही न रेंगाळता, वळण न घेता, थेट उंबऱ्याच्या मोरीवाटे अंगणात आणि अंगणातून रस्त्यावर गेलं. "बघा कसं गेलं पाणी! पुसायचंसुदिक काम न्हाई," शीलाताई समाधानाने म्हणाल्या. कोणीही त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. शीलाताईंनी स्वतःही दिलं नाही.

संपतचा सल्ला सोपा होता. आतली बाजू उंच होते, तर आतले दोन पाय कापायचे. दुसऱ्या दिवशी स्टँड पुन्हा पिकअपमध्ये चढला.

"सरळ स्टँड वाकडा करून मागणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा बघतोय," तालिब म्हणाला.

"तो वाकडाच आहे. आम्ही सरळ करून मागतोय."

तालिबने पट्टी ठेवून दाखवली. बुडबुडा मधोमध. चांगदेवरावांनी घरात काढलेला पाण्याचा फोटो दाखवला. तालिबने फोटो बघितला, पट्टी बघितली, पुन्हा फोटो बघितला. त्याच्या चेहऱ्यावरचा आत्मविश्वास हळूहळू उतरला. पण अनेक वर्षं दुकान चालवलेला माणूस गिऱ्हाइकासमोर 'कळत नाही' असं म्हणत नसतो. "उन्हाचं हाय हे," तो म्हणाला. "लोखंड दुकानात गरम असतंय, तुमच्या घरात गार पडतंय. गार पडलं की आखडतंय." आणि त्याने दोन पाय कापून दिले. कापल्यावर सवयीने पट्टी ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला. तालिबने तोंड फिरवून चहा मागवला.

घरी आणून पेटी भरली, तर काय आश्चर्य! पाणी काठाशी चारी बाजूंनी एकसारखं. चांगदेवरावांनी फूटपट्टीने मोजलं, शीलाताईंना बोलावून दाखवलं, रस्त्याने जाणाऱ्या पोस्टमनला आत बोलावून दाखवलं. त्या संध्याकाळी त्यांनी पोटभर जेवण केलं आणि कुरडयाही मागून घेतल्या. गोष्ट इथे संपली असती, तर या माणसाला आयुष्यभर पुरेल इतका आनंद होता.

पण संपतची बायको जया धोंड्यांच्या तयारीला मदत करायला आली. पदर खोचत तिने पेटीकडे बघितलं आणि हात गालाला लावला.

"अगं बाई, दक्षिणेला? पाणी कुणी दक्षिणेला ठिवतं का? जावई पहिल्यांदा धोंड्याला यायचा आन् तुमी त्याचं पाणी दक्षिणेला लावलं! ईशान्येला घ्या, तिकडं दाराजवळ, समोरच्या भितीला."

चांगदेवरावांचा वास्तुशास्त्रावर विश्वास नाही. हे ते ठामपणे सांगतात. पण जावई बोलेनासा झाला तर त्याचं खापर दक्षिणेवर फुटू नये, एवढ्यासाठी पेटी पुन्हा रिकामी करण्यात आली. पाणी पुन्हा शहाण्यासारखं दारातून निघून गेलं. स्टँड उचलला, फिरवला आणि समोरच्या भिंतीला, दाराजवळ लावला. पेटी भरली.

दाराकडच्या बाजूला पाणी काठावरून सांडायला लागलं आणि दुसरीकडे ते चार बोटं खाली होतं. पहिल्या वेळेपेक्षा दुप्पट.

आता मात्र चांगदेवरावांचं डोकं चालेनासं झालं. स्टँड तोच, पेटी तीच, पाणी त्याच नळाचं, आणि काल तर सगळं सरळ होतं. एका रात्रीत झालं काय? संपतच्या मते हायवेच्या कामाचे सुरुंग उडतात, त्याने घर हललं असणार. जयाच्या मते ईशान्येला गेल्यावर पाण्याला ओढ लागते, त्यात काही वाईट नाही. तालिबला फोन केला, तर तो म्हणाला, "रात्री गारवा जास्ती पडला आसंल," आणि घाईने फोन ठेवला. शीलाताईंनी पेटीवरून मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. चांगदेवराव खुर्चीत बसून एकदा या भिंतीकडे बघत, एकदा त्या भिंतीकडे. आपण इतकी वर्षं एसटीच्या गाड्या वेळेवर सोडल्या त्या खरंच वेळेवर होत्या का, इथपर्यंत त्यांचा विचार जाऊन पोहोचला.

अशा वेळी दारात धर्माजी उभा राहिला. धर्माजी ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा शिपाई.

"तात्या, तक्रार आलीय. लोकांला हंडाभर मिळंना आन् तुमच्या दारातून रोज वढा वाहतोय."

"तो वढा नाही, फिशटँक आहे."

"म्या बी तेच सांगितलं ग्रामसेवक भाऊसायबांला. त्ये म्हणले, ह्यो हौद धरायचा का शेततळं? हौद आसंल तर झाकण लागंल. शेततळं आसंल तर सातबारा लागंल. आन् मासे आसतील तर त्ये खातं येगळं, तालुक्याला जावा."

"शोभेचे मासे आहेत हो. घरात ठेवायचे."

"शोभेचं खातं न्हाई आपल्याकडं," धर्माजी म्हणाला. मग तो चपला काढून आत आला, पेटीकडे बघत राहिला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "तात्या, पाणी वाकडं हाय का वो?" त्याला चहा दिला. जाताना त्याने बजावलं, की इथून पुढे या पेटीतलं थेंबभर पाणी रस्त्यावर आलं तर नळ तोडायची ऑर्डर आहे. चांगदेवरावांनी त्याला रविवारी जेवायला बोलावलं. दुसरं काय करणार?

पेटी आता रिकामी करता येणार नव्हती, म्हणजे स्टँड उचलून तालिबकडे नेण्याचा मार्ग बंद. उरला एकच उपाय, दाराकडच्या पायांखाली काहीतरी घालायचं. संपतने पहार लावून ती बाजू उचलून धरायची आणि चांगदेवरावांनी खाली हात घालायचा. फरशीचा तुकडा घातला, तो फुटला. पत्रा घातला, तो घसरला. पुठ्ठा घातला, तो भिजून चपटा झाला. "जाड आन् चिवट कायतरी आना," संपत पहारेवर लोंबकळत ओरडला. चांगदेवराव घरभर फिरले. रविवारची सकाळ. चाकणहून गाडी निघाल्याचा फोन येऊन गेला होता. स्वयंपाकघरातल्या खणात त्यांच्या हाताला दोन कार्डं लागली, मखमली, प्लास्टिक चढवलेली, लाकडासारखी जाड. त्यांनी ती तशीच नेऊन एकेका पायाखाली सारली. पाणी थोडंफार सरळ आलं. पुरतं नाही, पण थोडंफार. कार्डं कशाची होती हे त्यांनी बघितलं तेव्हा संपतने पहार काढली होती. पायाखालून मखमलीची एक कड बाहेर डोकावत होती आणि तिच्यावर सोनेरी अक्षरात छापलं होतं: 'चि. गोरख'.

"संपत, पहार लाव पुन्हा!"

"लावतो, पर बदल्यात काय घालायचं?"

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला.

मासे राहिलेच होते. संपतने 'मासे माझ्याकडं लागले' असं आठवडाभर सांगितलं होतं. ते त्याने सकाळीच शेततळ्यातून धरून परसात बादलीत ठेवले होते, जावईबापू गाडी लावेपर्यंत त्याने ती बादली पळत आणून पेटीत ओतली. त्या होत्या चिलाप्या. करड्या रंगाच्या, तळहाताएवढ्या, कालवणाला उत्तम. त्यांनी पेटीत आल्याआल्या कोपरा धरला आणि सगळ्यांकडे संशयाने बघायला लागल्या.

जावईबापू आत आले. शीलाताईंनी भाकरतुकडा ओवाळला. जावईबापूंनी पेटीकडे बघितलं.  चांगदेवराव स्टँडच्या पायाला पाय लावून, मखमलीची कड धोतराच्या सोग्यात लपवून उभे राहिले. धोतर त्यांनी खास या दिवसासाठी नेसलं होतं आणि ते असं कामी येईल असं वाटलं नव्हतं.

"मासे," जावईबापू म्हणाले.

"हो, हो. देशी आहेत."

पुढे काही नाही. परत तेच मौन. 

पानं बैठकीतच मांडली होती. पाट, रांगोळी, उदबत्ती. मानाच्या पाटावर जावईबापू, शेजारी धर्माजी, त्याच्या पलीकडे संपत. चांगदेवराव मात्र जेवायला बसेनात. "मी नंतर बसतो, माझं उभं राहायचं व्रत आहे," असं ते स्टँडला टेकून म्हणाले. असं कुठलंही व्रत नाही हे शीलाताईंना माहीत होतं, पण पाहुण्यांसमोर त्या काय बोलणार? त्यांनी जावयाच्या ताटात धोंडे वाढले आणि वरून गुळवणी ओतली.

गुळवणी धोंड्यांजवळ थांबली नाही. ती ताटातून सावकाश निघाली आणि दाराकडच्या काठाला जाऊन साचली. जावईबापूंनी ताट फिरवलं. गुळवणी पुन्हा दाराकडे गेली. त्यांनी धर्माजीच्या ताटात बघितलं, संपतच्या ताटात बघितलं. मग मान वर करून पेटीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि त्या माणसाने तोंड उघडलं.

"मामा, तुमच्या फरशीला ढाळ हाय."



"हाय ना!" शीलाताई कौतुकाने म्हणाल्या. "गवंड्याच्या डोक्यावर बसून काढून घेतलाय म्या. जुन्या घरात धुतलं की पाणी तुंबायचं. आता बादली वतली की थेट दारात. दोन येळा पाहिलं न्हाई का तुमी?"

"अगं मग आठवडाभर बोलली का नाहीस?" चांगदेवराव ओरडले.

"तुमी टेबल मोजत व्हता. घर मोजताय हे मला कसं कळावं?"

चांगदेवरावांच्या डोक्यात एकेक गोष्ट आपापल्या फलाटाला लागायला लागली. स्टँड पहिल्यापासून सरळ होता. ढाळ घराला होता. दक्षिणेच्या भिंतीला असताना त्या ढाळापायी आतले पाय कापले. मग स्टँड फिरवला आणि कापलेले आखूड पाय नेमके उताराच्या बाजूला आले. तालिब बरोबर होता, पाणी बरोबर होतं, संपतचा मोबाइलसुद्धा निम्मा बरोबर होता. या सगळ्यात चुकीचं कोण होतं, हे मात्र त्यांनी मनातल्या मनातही उच्चारलं नाही.

"नुसता स्टँड फिरवला तरी बसंल मामा," जावईबापू पाटावरून उठत म्हणाले. "बघू जरा."

"नको, नको! पेटी रिकामी करावी लागेल, हे धर्माजी बसलेत समोर." धर्माजीने तोंडातला धोंडा न गिळता गंभीरपणे मान डोलावली. पण जावईबापू ऐकायला थांबले नाहीत. ते वाकले, धोतराचा सोगा हळूच बाजूला केला आणि तसेच वाकलेले राहिले.

चांगदेवरावांनी डोळे मिटले. "जावईबापू," ते म्हणाले, आणि त्यांचा माइकवरचा आवाज कुठल्या कुठे गेला. "घाईत झालं. मनात तसं काही नव्हतं. तुम्ही एवढी आवडीची पेटी दिलीत, मला ती सरळ बसवून दाखवायची होती. तुम्ही दोन शब्द बोलाल म्हणून केलं हो सगळं."

जावईबापू उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. ते एकदा हर्षालीकडे आणि एकदा पेटीकडे बघत म्हणाले, "मामा, आमच्याकडं पण हीच व्हती."

"काय?"

"पत्रिका. जाड हाय ना." एकदा बांध फुटल्यावर ते थांबेनात. "ही पेटी आमच्या फ्लॅटमधलीच हाय, मामा. बाल्कनीत ठेवली व्हती. बाल्कनीला ढाळ. लई खटपट केली, पाय कापले, पत्रे लावले, शेवटी पत्रिका लावल्या. तरी बसंना. मला रात्रंदिवस वाटायचं, आता फुटंल, मग फुटंल. मन धजंना टाकून द्यायला, म्हणून तुमाला आनून दिली. आन् दिल्यापासून घोर लागलाय, की मामांकडं बी फुटली तर? तोंड दाखवायला जागा न्हाई राहायची. आधीच मी कमी बोलनारा, त्यात इथं आलो की बोलायला तोंडच उचलायचं न्हाई. म्हणून तर विचारत व्हतो, मासे कसे हायेत."

हर्षाली स्वयंपाकघराच्या दारात वाढणी घेऊन उभी होती. तिने नवऱ्याकडे बघितलं, मग बापाकडे बघितलं. पेटी बाल्कनीतली, हे तिला माहीत होतं. पत्रिकेचं माहीत नव्हतं.

"दोन्ही घरांत?" एवढंच ती म्हणाली. वाढणी खाली ठेवली आणि तरातरा माळ्याकडे गेली. चांगदेवरावांना वाटलं, झालं, आता पोरगी रागावून बॅग भरणार. ती खाली आली ती उरलेल्या पत्रिकांचा अख्खा गठ्ठा घेऊन, आणि तो दोघांच्या मधे आपटला.

"घ्या. अजून पुष्कळ आहेत."

संपतने पहार लावली. सासरा-जावई फरशीवर गाल टेकवून आडवे झाले. "अजून एक, मामा," "बस, बस, जरा माझ्याकडं," असं करत त्यांनी तासभर पत्रिका सारल्या. धोंडे गार झाले. चिलाप्यांनी कोपरा सोडला. शेवटी पाणी काठाशी चारी बाजूंनी एकसारखं उभं राहिलं, आणि जावईबापू असे हसले की शीलाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "चिलापी हाय ना ही, मामा?" त्यांनी कानात विचारलं. चांगदेवरावांनी मान खाली घातली. "लई ग्वाड लागती," जावईबापू म्हणाले.

संध्याकाळी निघताना चांदीचा दिवा आणि अनारसे देऊन झाले. जावईबापू उंबऱ्यात घुटमळले.

"मामा, दोन-चार पत्रिका द्याल का? आमचं वॉशिंग मशीन नाचतंय."

वाणातली वस्तू कोरडी देऊ नये, म्हणून शीलाताईंनी पत्रिकांना हळदीकुंकू लावलं आणि त्या अनारशांच्या डब्यावर ठेवल्या. हर्षाली त्या डब्याकडे न बघता गाडीत जाऊन बसली.

गाडी चाकणला पोचली असेल-नसेल, तोच फोन वाजला. मशीन बसलं होतं, पण आता फ्रिज डुगडुगतोय असं दिसत होतं, आणि फ्रिजचं प्रकरण जावईबापूंना अगदी मुळापासून सांगायचं होतं. चांगदेवरावांनी मधे बोलायला तीनदा तोंड उघडलं, पण तिकडून जागाच मिळेना. शेवटी त्यांनी खुर्ची पेटीजवळ ओढली आणि ते नुसते 'हो', 'हो' म्हणत ऐकत बसले.